फुकटच्या क्लिकरवर लोक काय म्हणतात, ते ऐकायचं कसं

दुपारी दोनची बॅच. टायपिंगच्या तीसच्या वेगाला बसलेला एक मुलगा मशीन रिकामं व्हायची वाट बघत होता. कोपऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरवर एक पान उघडून मी त्याला म्हटलं, बस इथं तोवर. पांढरं पान, मधोमध एक बटण, ‘शिक्का मारा’. वर आकडा, ०. बास. हे काय आहे, कुणी केलंय, कशाला केलंय, यातलं काही सांगितलं नाही.

त्यानं दाबलं, १ झाला. परत दाबलं, २. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “मॅडम, यात काहीच नाहीये.” मी म्हटलं, बरं. वहीत वेळ लिहिली, २ वाजून ११ मिनिटं. २ वाजून ३६ मिनिटांनी मशीन रिकामं झालं म्हणून बोलवायला गेले, तर आकडा चार हजारांच्या पुढं, आणि हा मान वर न करता, “एक मिनिट मॅडम, एवढा हेडक्लार्क घेतो.”

मी कराडात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते. जीसीसी-टीबीसी या सरकारी कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेच्या मराठी-इंग्रजी बॅचेस, तीस आणि चाळीस शब्द वेग. प्रोग्रॅमिंग भाच्याकडून शिकले, तेही लॉकडाऊनमध्ये, कारण इन्स्टिट्यूट बंद होती. ‘शिक्का’ हा माझा एकुलता एक गेम. क्लिकर प्रकारचा, म्हणजे बटणावर टिचक्या मारत आकडा वाढवायचा. इथं कचेरीतले शिक्के मारायचे, आणि जमलेल्या शिक्क्यांत शिपाई, हेडक्लार्क असे घ्यायचे, मग ते आपोआप शिक्के मारतात. फुकट. गेम कसा लिहायचा ते इथं सांगत नाही, ते दोन संध्याकाळचं काम आहे आणि शिकवणारे पुष्कळ आहेत. अवघड काम त्यानंतरचं. लोक जे बोलतात त्याचं करायचं काय? मी त्यात सहा महिने घालवले, पैकी पहिले दोन वाया.

आधी दोन जुन्या गोष्टी

कुकी क्लिकर माहीत असेलच. ऑगस्ट २०१३ मध्ये जुलियाँ थिएनो या फ्रेंच माणसानं (ऑर्टेल म्हणून ओळखतात त्याला) तो एका रात्रीत लिहिला, लिंक एका ठिकाणी टाकली आणि काही तासांत ५०,००० लोक बिस्किटावर टिचक्या मारत बसले. पहिली वस्तू १५ बिस्किटांना मिळते, दुसरी, म्हणजे आजीबाई, १०० ला. एक घेतली की पुढची १५ टक्क्यांनी महाग. मी हे आकडे जसेच्या तसे उचलले, पण लगेच नाही, आधी शहाणपणा केला. तो पुढं सांगते.

दुसरी गोष्ट गाईची. २०१० मध्ये इयन बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापकानं फेसबुकवर ‘काउ क्लिकर’ काढला. त्यात एक गाय, तिच्यावर टिचकी मारायची, आणि मग सहा तास थांबायचं. झालं. त्या वेळच्या शेती-बिती गेमांची टिंगल म्हणूनच केलेला होता तो. लोकांनी टिंगल ओळखली, हसले, आणि खेळत बसले. ५०,००० च्या वर गेले. सप्टेंबर २०११ मध्ये बोगोस्टनं सगळ्या गाई उचलून नेल्या. राहिली ती रिकामी जागा. तर काही जण त्या रिकाम्या जागेवर टिचक्या मारत राहिले.

क्लिकरच्या बाबतीत लोक नावं ठेवतात आणि खेळतात, दोन्ही एकाच वेळी. आणि दोन्ही खरं असतं. शेंगदाण्यांसारखं आहे हे. विचारलं तर ‘नको, आत्ताच जेवलो’, आणि वाटी पुढं सरकवली की हात जातोच. त्यामुळं कोण काय बोललं ते लिहायचं, पण त्याच ओळीत बोटं काय करत होती तेही लिहायचं. नुसतं बोलणं लिहिलेली माझी पहिली पन्नास पानं रद्दीत गेली.

कुणाला बसवायचं

घरच्यांना नको. मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली होती. त्रेचाळीस माणसं. सहा अंगठे आले, दोन ‘छान’, एका काकांचा सुविचार. त्यातल्या किती जणांनी लिंक उघडली, देव जाणे. नणंदेनं मात्र फोन करून विचारलं, “वहिनी, हे दाबलं तर ओटीपी येईल का?” सगळ्या ग्रुपमधला कामाचा प्रतिसाद तेवढा एकच होता. त्याकडं परत येते.

सहा-सात माणसं पुरतात, पण एकेक करून. चार जणांना एकत्र बसवलं की एक जण पुढारी होतो आणि बाकीचे त्याचं मत सांगतात. वय वेगवेगळं घ्या. माझ्याकडं बारावीतली मुलं, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघी, नातवाला सोडायला येणारे एक निवृत्त गणिताचे मास्तर, आणि समोरच्या रसवंतीवाल्याचा मुलगा असे बसले. गेम आपण केलाय हे सांगायचं नाही. सांगितलं की माणूस तुमचं मन राखतो. गेम आहे हेही सांगू नका. पान उघडा आणि बाजूला व्हा.

बसायचं कुठं? मागं, डाव्या हाताला, थोडं लांब. समोर बसलात तर तो तुमच्या तोंडाकडं बघत खेळतो. मागून त्याचा उजवा हात दिसतो, आणि माऊसचा आवाज येतो. आवाज फार कामाचा. टक-टक-टक असा सारखा चाललेला आवाज मध्येच थांबला की समजायचं, काहीतरी वाचतोय किंवा कंटाळलाय. पाच सेकंदांत परत सुरू झाला तर वाचत होता.

वही

दोनशे पानी वहीत तीन रकाने पाडले. वेळ, हातानं काय केलं, तोंडानं काय म्हटलं. एका पानाचा नमुना, दोघींपैकी थोरलीचा:

४:०२. बटणाभोवती बाण फिरवला, दाबलं नाही. “हे चालू आहे का?”
४:०३. दाबलं. एकेक, सावकाश. अकरा वेळा. थांबली. “मग?”
४:०३. आकड्यावर टिचकी मारली. पानाच्या खाली बघितलं.
४:०४. परत बटण. एकोणीस. “किती मारायचे?”
४:०४. पान बंद.

हे पान पहिल्या आवृत्तीचं. त्या वेळी पहिला शिपाई मी ५० शिक्क्यांना ठेवला होता, कारण मला वाटलं, थोडे कष्ट केल्यावर मिळालेल्याची किंमत वाटते. हाच तो शहाणपणा. सात जणांपैकी पाच जण पन्नासापर्यंत पोचलेच नाहीत. आणि एकानंही ‘शिपाई महाग आहे’ असं म्हटलं नाही, म्हणणार कसं, शिपाई म्हणून काही आहे हेच त्यांना दिसलं नव्हतं. ते म्हणाले ‘मग?’, ‘किती मारायचे?’, ‘पुढं काय?’. माणूस कधीच तुम्हाला दुरुस्ती सांगत नाही, फक्त कुठं दुखतंय ते सांगतो, तेही धड नाही. ‘मग?’ हा शब्द कितव्या टिचकीला आला ते बघा. माझ्या वहीत तो दहा ते वीसच्या मध्ये येत होता. शिपाई १५ वर आणला आणि दहाव्या टिचकीलाच त्याचं नाव फिकट अक्षरांत दिसू लागेल असं केलं. ‘मग?’ बंद झालं. त्या जागी आलं, “अरे, शिपाई!”

लोकांच्या तोंडून निघणारी वाक्यं ठराविकच असतात. ‘टाइमपास आहे’ हे कौतुक आहे की शिवी, ते म्हणणाऱ्यालाही माहीत नसतं. सोडून द्या. ‘सोपं आहे’ म्हणजे बऱ्याचदा दोन खरेदींमधून निवड करावी लागत नाहीये, जो दिसेल तो घ्यायचा. ‘बोअर झालं’ एवढं म्हणून जो उठतो तो खरंच कंटाळला. पण ‘किती बोअर आहे हे!’ असं म्हणत जो बसून राहतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याचं उत्तम चाललंय. आणि ‘संपतो का हा?’ हा प्रश्न लवकर आला तर वाईट, उशिरा आला तर फार चांगला. कारण उशिरा विचारणाऱ्याला तो संपवायचा असतो.

‘कसा वाटला?’ विचारू नका

लांबच्या माणसांच्या मागं बसता येत नाही. त्यांना विचारावंच लागतं. मी आधी ‘कसा वाटला?’ विचारायचे. उत्तर: ‘छान आहे ताई, असेच नवनवीन करत राहा.’ असली उत्तरं गोळा करून काय करणार, लोणचं घालणार?

मग एकच प्रश्न ठेवला. ‘बंद केलास तेव्हा वर आकडा किती होता?’ याला खोटं उत्तर द्यायचं कारण नसतं. कुणी सांगतं ‘साठ-सत्तर असेल’, कुणी सांगतं ‘बारा लाख, पण बंद नाही केला, मिनिमाइझ केलाय’. वीस जणांचे आकडे एका कागदावर मांडले की गर्दी कुठं होते ते दिसतं. माझ्याकडं ११ ते १३ हजारांच्या मध्ये आठ जण थांबले होते. बघितलं तर तिथं हेडक्लार्कनंतरची वस्तू मी विसरून दहापट महाग लिहिलेली, एक शून्य जास्त. आठ जणांनी मला ‘छान आहे’ सांगितलं होतं, आणि शून्याबद्दल एकानं नाही.

किती जणांनी उघडलं, या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानात, ‘बनाना’ नावाचा फुकट गेम आला. पडद्यावर एक केळं, त्यावर टिचकी. जूनमध्ये तो एका वेळी नऊ लाखांच्या वर लोकांकडं चालू दिसत होता. केळ्याचं एवढं वेड? नाही. ठराविक तासांनी त्यात केळ्याचं चित्र मिळायचं आणि ते बाजारात विकता यायचं, त्यामुळं खेळणाऱ्यांत बॉटच बॉट होते, म्हणजे माणसाऐवजी आपोआप चालणारे प्रोग्रॅम. नऊ लाखांतल्या कुणाला केळं आवडलं, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

आता नणंदेचा ओटीपी. फुकट म्हटलं की आपल्याकडं आनंद होत नाही, संशय येतो. रसवंतीवाल्याच्या मुलानं तर बटण दाबायच्या आधी विचारलं, “यात पैसे कुठं कापतात?” यावर मी आधी ‘माझ्याबद्दल’ म्हणून मोठा मजकूर लिहिला, तो कुणी वाचला नाही. मग बटणाखाली बारीक अक्षरांत एक ओळ टाकली. ‘पैसे नाहीत. जाहिरात नाही. नंबर मागत नाही.’ संशय पार गेला नाही, पण फोन थांबले. तुमच्या गेममध्ये जाहिरात असेल तर तसं लिहा. लपवून ठेवलेली जाहिरात तिसऱ्या मिनिटाला सापडते आणि मग बाकी कशावरच कुणाचा विश्वास राहत नाही.

ज्या तक्रारी शब्दशः घ्यायच्या

वर म्हटलं की बोलण्यावर जाऊ नका. याला अपवाद यंत्राच्या तक्रारी. ‘चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरंच चालत नसतं.

पहिली: “मी दुसरीकडं गेले की शिपाई काम करत नाहीत.” सरकारी शिपायावरचा विनोद वाटला मला. पण खरं होतं. मी दर सेकंदाला शिक्के मोजणारा टायमर लावला होता, आणि मागं पडलेल्या टॅबमधले टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतात, बॅटरी वाचावी म्हणून. काही ब्राउझर तर पाच मिनिटांनंतर मिनिटाला एकदाच जाग येऊ देतात. यावर उपाय टायमरशी भांडणं नव्हे. गेममध्ये शेवटची वेळ साठवा, जाग आली की आत्ताची वेळ वजा ती वेळ करा, आणि तेवढ्या सेकंदांचं काम एकदम द्या. हे केल्यावर मी पानावर एक ओळ दाखवू लागले. ‘तुम्ही नसताना ३,४१२ शिक्के पडले.’ सगळ्या गेममध्ये लोकांना सर्वांत जास्त आवडलेली ओळ ही. बिघाड दुरुस्त करताना फुकट मिळाली.

हे केलं की दोन दिवसांत कुणीतरी फोनचं घड्याळ पुढच्या वर्षावर नेणार. नेलंच एकानं. आणि परत मागं आणल्यावर त्याचे शिक्के उणे झाले, कारण वजाबाकी उलटी आली. फरक शून्याच्या खाली गेला तर शून्य धरायचं, एवढी एक ओळ लिहून ठेवा. घड्याळ पुढं नेण्याला मात्र मी बंदी घातली नाही. त्या पोरानं ही युक्ती सगळ्या बॅचला सांगितली आणि त्यापायी गेम उघडणारे अकरा जण वाढले.

दुसरी: “सगळं गेलं माझं.” ही ऐकायला फार वाईट. तलाठीवाली धाकटी अक्षरशः रडवेली झाली होती, तीन आठवड्यांचे शिक्के. गेम ब्राउझरच्या साठवणीत ठेवला की तो ब्राउझरच्या मर्जीवर असतो. फोन साफ करणारं ॲप चालवलं, गेला. काही ब्राउझर तर सात दिवस त्या पानावर फिरकला नाहीत की स्वतःहून पुसतात. यावर सोपा उपाय म्हणजे ‘नक्कल काढा’ असं बटण. दाबलं की सगळा हिशोब एका लांबलचक अक्षरांच्या ओळीत मिळतो, ती स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवायची. ही सोय पहिल्या दिवसापासून द्या. मी दिली नव्हती, म्हणून तिचे शिक्के मला हातानं भरून द्यावे लागले, तिनं सांगितलेला आकडा खरा मानून. थोडा फुगवून सांगितला असणार. असो.

तिसरी फोनवाल्यांची: “भराभर दाबलं की पान मोठं होतं.” दोनदा पटकन टेकवलं की झूम होतो. बटणाच्या स्टाइलमध्ये ‘टच-ॲक्शन: मॅनिप्युलेशन’ लिहा, थांबतं. बोट दाबून धरल्यावर अक्षरं निळी होतात, तेही बंद करा.

चौथी माझी लाडकी. एका सकाळी तीन नंबरच्या मशीनवर कुणी नाही आणि आकडा मात्र धावतोय. बघते तर एंटरच्या बटणावर कंपासपेटी ठेवलेली! शिक्क्याचं बटण एकदा दाबून निवडलं, की एंटर धरून ठेवला तरी ब्राउझर सारख्या टिचक्या मोजतो. सेकंदाला तीस-एक. टायपिंगची पोरं, की-बोर्डची खोडी त्यांनाच सापडणार. भाचा म्हणाला, मावशी, की दाबून धरलेली ओळखता येते, एका ओळीचं काम आहे, बंद करून टाक. केलं बंद. दुसऱ्या दिवशी चार जणांनी विचारलं, “मॅडम, कंपास का चालत नाही?” आणि एक जण पुढं म्हणाला, “बोट दुखतं हो.” त्याच्या हाताकडं बघितलं. पहिलं बोट ताठ धरून बसला होता. पोटापाण्यासाठी टायपिंग शिकणाऱ्या पोरांची बोटं मी गेमपायी दुखवायची? मग कंपासपेटी गेममध्येच घेतली. ५०० शिक्क्यांना ‘पेपरवेट’ मिळतो, तो घेतला की शिक्के आपोआप पडत राहतात, सेकंदाला पाच. बोट दुखतंय असं कुणी म्हटलं तर बाकी सगळं सोडून ते आधी ऐका.

आकडा वाचणारे मास्तर

निवृत्त मास्तरांनी बटण फार दाबलं नाही. ते आकडा मोठ्यानं वाचत. मी सुरुवातीला ‘मिलियन’, ‘बिलियन’ दाखवत होते, कारण सगळे तसंच दाखवतात. मास्तर म्हणाले, “हे काय, आपल्याकडं काय नावं नाहीत?” आणि त्यांनी माझ्याच वहीवर भास्कराचार्यांच्या लीलावतीतली अठरा स्थानं लिहून दिली. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध.

मला वाटलं, शोभेला बरं दिसेल. पण खेळणाऱ्यांची तऱ्हाच बदलली. इंग्रजी नावं हजारपटीनं बदलतात, मिलियनवरून बिलियनला जाईपर्यंत माणूस दमतो. ही नावं दहापटीनं बदलतात. प्रत्येक शून्याला नवं नाव. मुलं एकमेकांना विचारू लागली, “तू कुठायस?” “निखर्व.” “मी महापद्म, ये मागून.” एकानं तर परीक्षेच्या आदल्या दिवशी जलधि गाठला आणि आईला फोन करून सांगितलं. आईला काय कळलं असेल, कुणास ठाऊक.

एक खड्डा आहे इथं. जावास्क्रिप्टमधला, म्हणजे हा गेम ज्या भाषेत लिहिलाय तिच्यातला, आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच एकेकानं बिनचूक मोजता येतो. म्हणजे ‘अंत्य’ ओलांडून ‘मध्य’ गाठण्याच्या थोडं अलीकडं गाडी अडते. त्याच्यापुढं एक मिळवला तरी आकडा तिथंच राहू शकतो. मला निरोप आला, “मॅडम, मी दाबतोय पण काही होत नाही.” मला वाटलं, माऊस बिघडला असेल. माऊस ठीक होता, गणित संपलं होतं. कुकी क्लिकरमध्ये प्रत्येक टिचकीला उत्पादनाचा एक टक्का देणारी सुधारणा विकत मिळते, ती मी आणली. आता टिचकी एकाची नसते, लाखो-कोटींची असते, आणि आकडा हलतो. एक साधी टिचकी सहा महिन्यांनीसुद्धा हलली पाहिजे. हे कुणी शब्दांत मागणार नाही, पण ज्या दिवशी हलणार नाही त्या दिवशी पान बंद होईल.

ज्यांना राग येतो

एका बाईंचा निरोप आला. कुठल्याशा कचेरीत काम करतात. ‘आम्ही काय नुसते शिक्के मारतो का? तुमच्यासारख्या लोकांमुळं नाव खराब होतं.’ मी रात्रभर अस्वस्थ. सकाळी उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. गंमत आहे हो, असं लिहिणार होते, पण ते लिहू नका कधी. ज्याला लागलंय त्याला ‘गंमत होती’ म्हणणं म्हणजे वर तूच बावळट असं सांगणं. मी विचारलं, तुमच्या टेबलावर खरं काय होतं? त्यांनी पानभर लिहिलं. त्यातून गेममध्ये एक नवी वस्तू आली, ‘वाचून शिक्का’. ती घेतली की वेग निम्मा होतो आणि प्रत्येक शंभर शिक्क्यांमागं एका अर्जाची एक ओळ दिसते. विहिरीची नोंद, नावातली चूक, पेन्शन.

तोट्याची वस्तू कोण घेणार? दोन आठवडे कुणीच घेतली नाही. मग एकीनं घेतली आणि विचारलं, “त्या विहिरीवाल्याचं पुढं काय झालं?” आता त्या ओळींची संख्या साठवर गेली आहे. बाई स्वतः सुचवतात, आणि माझं मराठी तपासतात.

शेवटाबद्दलचा राग वेगळा असतो. क्लिकर संपवावा की नाही, यावर लोकांत दोन तट आहेत. फ्रँक लँट्झ यांचा ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. तोही फुकट, पांढरं पान, ‘मेक पेपरक्लिप’ असं एक बटण. त्याला शेवट आहे. सगळं विश्व वितळवून पेपरक्लिपा केल्या की, ३ वर ५५ शून्यं इतक्या, तो संपतो. मायकेल टाउनसेंड यांचा २०१३ चा ‘अ डार्क रूम’ही संपतो. उलट कुकी क्लिकर आजही चालूच. ‘शिक्का’ मी संपवला आहे. परार्धाला अर्ज संपतात, आणि बटणावर येतं ‘खिडकी बंद करा’. दाबलं की पान कोरं.

“एवढं करून शेवटी हे?” असं मला सतरा जणांनी विचारलं, त्यातल्या तिघांनी चांगल्या शिव्या घालून. त्या तिघांना मी आकड्याचा प्रश्न विचारला. तिघांनीही खिडकी बंद करून, दुसऱ्या दिवशी परत उघडून, शून्यापासून सुरुवात केली होती. त्यामुळं शेवट तसाच ठेवला.

कालच एक निरोप आलाय, रात्री पाऊण वाजता. ‘ताई, शिपाई रजेवर कधी जातो?’ हसू आलं, पण मग झोप लागेना. रजा दिली तर वेग कमी होणार, रजेनंतर तो वाढून आला पाहिजे, आणि दिवाळीत सगळे एकदम गेले तर? सकाळी वहीत नवं पान काढलंय. रजा किती दिवसांची ठेवायची ते अजून ठरत नाहीये.